नवसाची सायकल

"म्हाळू, दिल्लीला जायचं का?"

चेरमन मोहनरावांनी विचारलं आणि म्हाळू उत्तर न देता निघून गेला.

यात उद्धटपणा काही नव्हता. म्हाळू सायकलवर होता आणि ती सायकल बाजाराच्या दिवसापासून थांबलेली नव्हती. मारुतीच्या पाराभोवती बांबू रोवून, दोरी ताणून रिंगण केलं होतं, त्यात तो आठवडाभर फिरत राहणार होता. जेवण, दाढी, आंघोळ, सगळं सायकलवर. पाराच्या मागे गडप झालेला म्हाळू दुसऱ्या बाजूने पुन्हा उगवला.

"कोन, म्या?" एवढं म्हणाला आणि पुढे.

"न्हाई, तुजी सायकल एकलीच!" मोहनराव त्याच्या पाठीला म्हणाले.

पुढच्या फेरीला म्हाळू म्हणाला, "कावून?"

"आरं, आशियाचे खेळ हायेत. देशोदेशीचे लोक येनारेत. त्यात सायकलीची शर्यत बी..."

शर्यत ऐकायला म्हाळू तिथं नव्हता.

मोहनराव तालुक्याच्या दूध संघाचे अध्यक्ष. एरवी लोक त्यांच्या मागे फिरत. असं तुकड्यातुकड्यांनी बोलायची त्यांना सवय नव्हती. शेवटी त्यांनी धोतराचा सोगा मुठीत धरला, दोरीखालून वाकून आत शिरले आणि सायकलच्या बाजूने पळायला लागले. पारावर लाउडस्पीकर घेऊन बसलेल्या मुनव्वरने ही संधी सोडली नाही. "देखो भाईयों, देखो! चेरमनसाहेब बी उतरले मैदानात! टाळ्या!"

यंदाच्या दुष्काळाने पुन्हा सुकलेल्या कुंभेवाडीत त्या दिवशी जेवढं हसणं झालं तेवढं वर्षात झालं नव्हतं. आणि दोन-तीन फेऱ्यांत धापा टाकत मोहनरावांनी सांगितलं ते असं: दिल्लीत सायकलींसाठी खास गोल बांधलाय, परातीच्या काठासारखा उचललेला. त्याचा फोटो त्यांनी पेपरात पाहिला. तिथं गोल गोलच फिरायचं. आणि गोल फिरण्यात म्हाळूचा हात धरणारा माणूस बीड जिल्ह्यात नाही, कदाचित आशियात नसेल. आधी मांजरसुंब्याला निवड होणार. पहिले तीन पुढे जाणार.

मोहनरावांचीही अडचण होती. संघाला कार्यालय होतं, पाटी होती, रिकाम्या कॅनांची उतरंड होती, दिवाळीनंतर वार्षिक सभाही होती. नव्हतं ते फक्त दूध. जनावरं छावणीत, छावणीत चारा नाही. सभेला सांगायचं काय? 'आपल्या संघाचा माणूस दिल्लीत' हे सांगता आलं असतं. बनियनवर संघाचं नाव छापायचंही त्यांनी ठरवून टाकलं होतं.

म्हाळू खरोखरच संघाचा माणूस होता. वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून सायकलवर कॅन आणायचा. दहा वर्षांपूर्वी, बहात्तरच्या दुष्काळात दूध आटलं, कॅन गेले, पण सायकल चालवायची सवय काही जाईना. रिकामीच घेऊन फिरायचा. तेव्हा सायकलदुकानवाला मुनव्वर म्हणाला, "फुकट कावून फिरायलास बे? लोकांसमोर फिर." मुनव्वरने कुठल्याशा जत्रेत आठवडाभर सायकल चालवणारा गडी पाहिला होता. तेव्हापासून म्हाळू गावोगाव फिरत होता, म्हणजे एकाच जागी फिरत होता, फक्त गाव बदलायचं.

त्याच्याबद्दल लोक काय काय सांगतात. तो झोपायचा तेव्हा सायकल त्याला सांभाळून चालायची. एकदा चकलांब्याला वावटळ आली, बांबू उडाले, मंडप उडाला, म्हाळू मात्र वावटळीच्याच दिशेने फिरत असल्यामुळे त्याला ती लागलीच नाही. त्याचं लग्नही सायकलवरच लागलं म्हणतात. त्याची बायको सुंदरबाई हे साफ नाकारते. "खोटं हाय. उतरले व्हते की. फकस्त एक पाय पायडलवर व्हता." आणखी एक प्रश्न सगळ्यांच्याच मनात यायचा, पण चारचौघांत विचारता येत नसे. कुणी मुनव्वरच्या कानाला लागलंच तर तो गंभीर चेहऱ्याने सांगायचा, "त्याचा खेळ वेगळा हाय. तिकीट बी वेगळं."

पण म्हाळूला मान होता तो वेगळ्याच कारणाने.

गावातल्या तुळजाबाईचा मुलगा आश्रुबा उसाच्या ट्रकवरून पडला आणि दवाखान्यात निपचित होता. तिने मारुतीला प्रदक्षिणा बोलल्या, पण गुडघा दगडासारखा झालेला. पाराच्या पायरीवर बसून रडताना तिला समोरून म्हाळू जाताना दिसला, पुन्हा दिसला, पुन्हा दिसला. तिने खोबऱ्याची वाटी त्याच्या हातात कोंबली. "म्हाळ्या, तू तर फिरायलाच हायस. तेवड्या माज्या नावानं फिर." म्हाळूने काय करावं? मारुतीच्या समोर आला की मोठ्याने म्हणायचा, "तुळजाबाईची फेरी!" आठ-पंधरा दिवसांत आश्रुबा उठून बसला.

मग काय, जिथं रिंगण तिथं नवस. ज्यांचे गुडघे गेले, ज्यांना कामातून सवड नाही, ज्या बाळंतिणी घराबाहेर पडू शकत नाहीत, त्या सगळ्यांच्या फेऱ्या म्हाळू मारायचा. ज्याची फेरी त्याचं नाव, देवासमोर, खणखणीत. त्यामुळे त्याची फेरी नेहमी प्रदक्षिणेचीच, देव उजव्या हाताला.

त्या आठवड्याचा खेळ संपला. सायकलवरून उतरलेला म्हाळू मुनव्वरच्या दुकानाच्या ओट्यावर पाय लांब करून बसला. सुंदरबाई त्याच्या पोटऱ्यांना तेल चोळत होती.

"आवं, इतक्या वर्सांत दिल्लीला जाऊन माघारी आला असता," ती म्हणाली. "पोचलात कुठं? पारापाशी."

मुनव्वर हसला. म्हाळू हसला नाही.

"मुनव्वर," तो म्हणाला, "सगळ्यांची नावं घेतली बग. ह्या तोंडानं कुनाचं नाव घ्यायचं ठिवलं न्हाई. माजं तेवडं कवा घेतलं न्हाई."

"तर घे की. कुनी धरलंय?"

"आसं न्हाई. फिरायलो त्यातलीच एक माज्या नावानं? ती बी चोरीचीच वाटती. येक डाव सगळीच्या सगळी माज्या नावानं चालवावी वाटती. तितं दिल्लीत."

सुंदरबाईने तळव्यावर आणखी तेल घेतलं. "मंग जावा," ती म्हणाली, आणि दुसरी पोटरी ओढून घेतली.

घोटाळा दुसऱ्या दिवशी उघड झाला. मोहनरावांनी पेपराचा तो फोटो पाठवून दिला. मुनव्वर भिंगाने बघत राहिला. "म्हाळू, हे लोक उलटं फिरायलेत रे."

खरंच. सगळ्या सायकलींचा डावा हात आतल्या बाजूला.

"फोटू उलटा छापलाय."

"अन् बनियनवरचे आकडे सुलटे कसे मग?"

दुकानामागे मुनव्वरची मोकळी जागा होती. म्हैस बांधायचा खुंटा त्याने उपटून टाकला. "बग, मधी कायीच न्हाई. मग उलटं काय न् सुलटं काय?" म्हाळू सायकलवर बसला, डावीकडे वळला आणि पडला. वावटळीत न पडलेला माणूस सपाट जमिनीवर पडला. उठला, पुन्हा पडला. उजवीकडे वळायचं त्याच्या हाडांत बसलं होतं. चालतानाही तो किंचित उजवीकडे जायचा. सुंदरबाई बाजाराला त्याच्या उजव्या अंगाने चालायची ती त्याचसाठी.

मागच्या दाराच्या पायरीवर मुनव्वरची आई बीबीजान तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "पडू दे, पडू दे. मक्केत असंच फिरतात, डावा हात आत ठिवून. हाजी लोक सांगतात." आणि ताट बाजूला ठेवून म्हणाली, "माझं जानं आता काय होनार न्हाई, बेटा. तू नीट फिर जरा. कसं दिसतं ते तरी बगू दे मला."

त्या संध्याकाळपर्यंत म्हाळूला डावीकडे फिरता यायला लागलं. बीबीजान तांदूळ विसरून बघत होती.

ही बातमी तुळजाबाईला लागली आणि ती काठी टेकत दुकानामागे येऊन उभी राहिली.

"उतर खाली."

"मावशे, सराव हाय."

"सराव? सुताची गुंडी उलटी फिरीवली की काय व्हतंय रं? उसवतंय! माजा आश्रुबा ज्या फेऱ्यांनी उटला त्या उसवाया बसलास व्हय?"

बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हाळू उतरला. सायकल भिंतीला लावली. "ऱ्हायलं मग," म्हणाला.

दोन दिवस सायकल भिंतीलाच होती. मांजरसुंब्याची निवड चार दिवसांवर, मोहनरावांचे निरोपांवर निरोप. म्हाळू दुकानाच्या ओट्यावर बसून होता, आणि गावात त्याच्याकडे बघणाऱ्यांत निम्म्या लोकांच्या फेऱ्या त्याच्या खात्यात होत्या, त्यामुळे त्यांनाही त्याला 'जा' म्हणवत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी तुळजाबाईच पुन्हा आली. काठीने मातीत गोल काढला. गोलात खडा ठेवला. मग खडा उचलला आणि गोलाच्या बाहेर ठेवला.

"म्हाळ्या, आता डावीकडनं फिर बरं ह्या गोलावरनं. बोट फिरीव."

म्हाळूने बोट फिरवलं.

"भायेरचं सगळं कोनच्या हाताला येतंय?"

"उजव्या."

"मंग देव भायेरच ठिवायचा! आतलं तेवडं सोडून समदं जग उजव्या हाताला येतंय की रं. समद्या जगाला प्रदक्षिणा. ह्यापरीस मोटी कंची?"

मुनव्वर त्या गोलाकडे बघतच राहिला. मग त्याने तुळजाबाईपुढे हात जोडले. "मावशी, तुमी वकील व्हायचं सोडून हितं काय करायल्या?"

निवडीच्या दिवशी संघाचा ट्रक निघाला. हौद्यात रिकामे कॅन खडखडत होते, कॅनांच्या मधे सायकल, सायकलला धरून मुनव्वर. त्याने मडगार्ड, कॅरिअर, घंटी, स्टँड, सगळं काढून टाकलं होतं. सायकल लग्नाचे दागिने उतरवून ठेवलेल्या बाईसारखी ओळखू येत नव्हती. सुंदरबाईच्या शेजारी तुळजाबाई मांडीवर फडक्यात गुंडाळलेला शेंदूर लावलेला दगड घेऊन बसली होती. बाहेर ठेवायचा देव.

मांजरसुंब्याच्या फाट्यावर धाबे उघडले होते. रस्त्यावर एक पांढरी रेघ मारलेली, कडेला छोटा मंडप. औरंगाबादेहून, परभणीहून आलेली पोरं बारीक चाकांच्या सायकली घेऊन उभी होती. रिंगण कुठंच दिसेना.

तुळजाबाईने शिट्टी गळ्यात घातलेल्या पंचांना गाठलं. "सायेब, गोल कुटं हाय?"

"कसला गोल, आजी?"

"फिरायचा."

"ही रस्त्याची शर्यत आहे. इथून चौसाळ्याच्या बाजूला सरळ जायचं. रस्त्यात डांबराचा ड्रम ठेवलाय, त्याला वळसा घालून परत यायचं. झालं."

मोहनरावांनी घाम पुसला. मुनव्वर त्यांच्याकडे बघत म्हणाला, "चेरमनसाहेब, फोटो दुसऱ्या शर्यतीचा होता वाटतं." तुळजाबाई दगड छातीशी धरून उभी होती.

"मंग देव कुटं ठिवू?"

"कुठंही ठेवा," पंच म्हणाले, "फक्त रस्त्यात नको."

शिट्टी वाजली. सायकली सुटल्या आणि बघता बघता उतारावर दिसेनाशा झाल्या. सुंदरबाई वाट बघत उभी राहिली, सवयीने. पलीकडून आता येतील म्हणून तिने मान वळवून मागेही बघितलं. मग तिच्या ध्यानात आलं की हे तसं नाही.

म्हाळूच्या ध्यानात यायलाही वेळ लागला. एक लिंबाचं झाड आलं, गेलं. तो त्याची वाट बघत राहिला. ते परत आलंच नाही. एक पूल आला. पाटी आली. फुटक्या विहिरीवर बसलेला एक म्हातारा आला, त्याने हात केला, आणि त्याला पुढच्या फेरीला काहीतरी बोलायचं म्हणून म्हाळूने शब्द जुळवले, पण तो म्हातारा कायमचा मागे गेला होता. म्हणजे असंही असतं! आयुष्यात पहिल्यांदाच प्रत्येक वळणापलीकडे काय आहे ते त्याला माहीत नव्हतं. वळण आलं की तो ते बघायला घाई करायचा, आणि त्या घाईत एकेक सायकल मागे पडत गेली. औरंगाबादच्या पोरांना वाटलं, हा काळ्या सायकलवाला जोर मारतोय. जोर कसला? नुसती उत्सुकता. मधेच त्याने आसपास कुणी नाही हे बघून हळूच म्हणून पाहिलं, "म्हाळूची फेरी." जीभ अडखळली. मग मोठ्याने म्हणाला.

ड्रम दिसला तेव्हा त्याच्या पुढे फक्त दोन सायकली होत्या.

तिथं रोजगार हमीचं काम चालू होतं. रस्त्याच्या कडेला खडी फोडणाऱ्या बायांची रांग, डोक्यावर पदर, तोंडावर धूळ. पुढचे दोघे ड्रमला वळसा घालून परत सुटले, बायांनी मानही वर केली नाही. मग म्हाळू आला. ड्रम उजव्या हाताला घेऊन तो वळला, आणि त्या वळण्यात असं काही होतं की एका बाईचा हातोडा हवेतच थांबला.

"आगं, ह्यो तर म्हाळूदादा! तेलगावाला फिरत व्हता बग!"

हातोडे खाली पडले. बाया धावल्या. सगळ्यांच्या पुढे बायनाबाई नावाची एक बाई. तिने कपाळावरचं कुंकू बोटाने निपटलं आणि ड्रमला लावलं.

"दादा, माज्या लेकीला दिस ऱ्हायलेत. पयली दोन गेली. हितं उन्हात खडी फोडायली बग. तिच्या नावानं पाच मार रं."

"माज्या सासूच्या दोन!"

"दादा, माज्या भावाचं..."

झेंडी घेऊन उभा असलेला माणूस ओरडला, "अहो, एकच वळसा! एकच! चला परत!"

"एका वळशानं कुनाचं भागलंय का?" कुणीतरी त्यालाच सुनावलं.

म्हाळूचं हँडल परतीच्या रस्त्याकडे वळलं होतं. मागचा परभणीचा पोरगा अजून आला नव्हता. म्हाळू तिसरा होता आणि तिसरा दिल्लीकडे जाणार होता.

"बाय," तो म्हणाला, "आज म्या माज्या नावानं निगालोय."

बायनाबाई पाहत राहिली. मग तिने बाकीच्या बायांना हाताने मागे सारलं.

"आस्सं व्हय? मंग जा की, बाबा. जा, जा. चांगलं व्हईल तुजं." आणि खरंच वाट सोडून बाजूला झाली. त्यात रुसवा नव्हता. 'नाही' ऐकायची तिला सवय होती.

तिच्यामागे, खडीच्या ढिगाला टेकून, एक सावळी पोरगी बसली होती. पोटावर हात. तिने मागितलं काहीच नव्हतं, नुसती बघत होती.

म्हाळूची सायकल संथ झाली. एवढी संथ की दुसरा कुणी पडला असता.

"नाव काय लेकीचं?" त्याने विचारलं.

"मंजुळा."

हँडल उजवीकडे वळलं. "मंजुळाची फेरी!"

परभणीचा पोरगा आला, वळला, गेला. मग औरंगाबादचे आले, तेही गेले. झेंडीवाला आधी ओरडत होता, मग थकला, मग म्हणाला, "आता चालूच आहे तर माझ्या आईच्या नावाने दोन मारा. तिचेही गुडघे गेलेत." सगळ्यांची नावं झाली. मुकादमाची शिट्टी वाजली, बाया कामाला लागल्या, आणि म्हाळू परतीच्या रस्त्याला लागला. आता घाई नव्हती. विहिरीवरचा म्हातारा अजून तिथंच होता. त्याच्याशी बोलायचं राहिलं होतं, ते बोलून झालं.

मांजरसुंब्याला पोचला तेव्हा ऊन कललं होतं. मंडप निघाला होता. मोहनरावांची जीप गेली होती. तुळजाबाई ट्रकच्या सावलीत, देव उशाला घेऊन झोपली होती. रस्त्याच्या कडेला मुनव्वर आणि सुंदरबाई पाय पसरून बसले होते.

"कुटं गेलतास बे?" मुनव्वर उठून म्हणाला. "पंक्चर झालं काय?"

"न्हाई."

"मग?"

"बाया व्हत्या तितं."

सुंदरबाईने त्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि तांब्या पुढे केला. म्हाळू सायकलवर बसल्या बसल्याच पाणी प्यायला.

"रेघ कुटं हाय?" त्याने विचारलं.

"कंची रेघ?"

"पोचायची."

"ती काय ऱ्हाती व्हय? ट्रकांनी पुसली कवाच." मुनव्वरने अंदाजाने बुटाचं टोक डांबरावर ओढलं. "हितं. हितंच असंल."

म्हाळूचं पुढचं चाक त्या जागेच्या पलीकडे आलं होतं. तो खाली उतरला. सायकल धरून धाब्यापर्यंत मागे गेला, तिथून पुन्हा वर बसला आणि सरळ चालवत आला. सुंदरबाईने पसरलेले पाय जवळ ओढून घेतले आणि त्याला वाट करून दिली.